तळ्यांच्या मुलखात

माझा भाचा नोकरीसाठी स्वीडनला असतो. गेल्या उन्हाळ्यात त्यानं तिकडच्या खेड्यांचे फोटो पाठवले. दाट रान, रानात निळंशार तळं, तळ्याकाठी लाल रंगाचं लाकडी घर. खाली लिहिलं होतं, ‘मामा, आपल्याकडं असं काही नाही!’ मी विचारलं, ‘नवेगावबांध पाहिलंस का रे?’ नागपुरात वाढलेला मुलगा, पण पाहिलं नव्हतं. दिवाळीला आला तेव्हा त्याला गाडीत घातलं आणि निघालो.

भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली की मुलूख बदलतो. साकोली गेली, कोहमाऱ्याहून वळलो, तर दोन्ही बाजूंना कापणीला आलेला धान आणि मध्येच चमकून जाणारं पाणी. नवेगावच्या पाळीवर उभा राहून भाचा बराच वेळ काही बोलला नाही. समोर सुमारे अकरा चौरस किलोमीटरचं पाणी, भोवती डोंगर. या डोंगरांना इथं ‘सात बहिणी’ म्हणतात.

‘हे नैसर्गिक आहे ना?’ त्यानं विचारलं. इथंच तर खरी गंमत आहे. स्वीडनमध्ये लाखाच्या घरात तळी आहेत म्हणतात, पण ती बहुतेक हिमयुगातल्या बर्फानं कोरलेली. आपली ही तळी माणसांनी बांधली. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यानं घातला असं सांगतात. पुढं लोकांनी त्याला देव केलं. तलावाकाठी त्याचं, कोलासुराचं ठाणं आहे. तलाव बांधणाऱ्याचा देव होतो, असा हा मुलूख! शिवनी, सिरेगाव इथले मोठे बांधही कोहळ्यांचेच. चांद्याच्या गोंड राजांनी म्हणे सांगितलं होतं, जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन मिळेल.

या तळ्याची रचना साधी, पण पक्की आहे. दोन टेकड्यांच्या मधली फट मातीच्या पाळीनं बुजवायची. वरच्या रानातलं पाणी आपोआप येऊन साठतं. पाळीतलं तुडुम उघडलं की ते खालच्या धानाला जातं. सांडव्यावरून वाहून गेलेलं पाणी पुढच्या गावच्या तळ्यात. उन्हाळ्यात तळाचा गाळ शेतात टाकायचा. पाण्यात ढिवरांची मासेमारी, काठावर देवधान, हिवाळ्यात परदेशी बदकं. रान तुटलं की तळं गाळानं भरतं आणि तळं भरलं की धान वाळतो, एवढं गणित गावातल्या पोरालाही ठाऊक असायचं.

मारुती चितमपल्ली इथं वनाधिकारी होते. पाखरं आणि मासे त्यांना शिकवले ते नवेगावच्या माधवराव पाटलांनी, हे त्यांच्या वाचकांना माहीत आहेच. २०२५च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले. भाच्याला त्यांची पुस्तकं वाचायला दिली आहेत. वाचेल तेव्हा खरं. नवेगावचं रान १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. पर्यटक येतात ते वाघासाठी. पाळीकडं कोण बघतो?

पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. त्यांचं सरकारी नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, तोंडी नाव ‘मामा तलाव’. भाचा यावर फार हसला. पण नावातला तो ‘माजी’ शब्दच महत्त्वाचा. १९५१मध्ये मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती; पाणी एकाच्या मुठीत असणं काही बरं नव्हतं. मात्र तिच्याबरोबर दरसाल पाळीवर माती टाकण्याची शिस्तही गेली. तलाव सरकारचा झाला आणि हळूहळू कोणाचाच राहिला नाही.

काठावर जाळं सोडवत बसलेल्या एका ढिवरीण बाईला मी गाळ काढण्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, ‘गाळ काढला त बरा केला, पन मशिनीनं सबन खरवडून नेलं त मासोरी राहील कोठी?’ मासे पाणवनस्पतींत अंडी घालतात. या भागात ढिवर बायांच्या गटांनी तळ्यातला बेशरम उपटून तिथं पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत, देशी मासे परत आणले आहेत. हे काम कंत्राटात लिहून होण्यासारखं नाही.

परतताना वाट वाकडी करून आमच्या मूळ गावी गेलो. माझ्या वडिलांनी राखलेली बोडी भाच्याला दाखवायची होती. पोहायला मी तिथंच शिकलो. बोडी होती, पण दिसत नव्हती. अर्धी बेशरमानं भरलेली, उरलेल्यात कोणी तरी धान लावलेला. पाळीचा एक कोपरा खचून तिथून बैलगाडीची वाट झालेली. मी पुष्कळ बोलणार होतो, बोललो नाही. गाव सोडून चाळीस वर्षं झालेल्या माणसानं कोणाला बोलावं?

त्या रात्री जवळच्या गावात मंडई होती, म्हणजे नाटक होतंच. झाडीपट्टीत दिवाळीनंतर रातभर नाटकं चालतात. वडसा गावात तर मोसमात नाटकमंडळ्यांच्या पाट्या ओळीनं लागतात. मंडपात चटईवर बसलो. पडदा उघडायला अकरा वाजले. पहाटे तिसऱ्या अंकाच्या आधी भाचा चहाच्या टपरीवर उभा होता. एका म्हाताऱ्यानं त्याला न्याहाळून विचारलं, ‘कोनाचा गा तू?’ भाचा गोंधळला. मी आजोबांचं नाव सांगितलं. म्हातारा थोडा आठवत राहिला, मग म्हणाला, ‘हो हो, बोडीवाल्याचा नाती! तुया आज्यानं आमाले दर सालाले पारीवर माती टाकाले लावली गा.’ आणि त्यानं चहाचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत.