खडूमिश्रित प्लॅस्टिक आणि दाबाची परीक्षा
(ग्रामीण पाणीपुरवठाविषयक शिबिरातील भाषण)



नळयोजनेसाठी पी.व्ही.सी. पाइप घेताना दोन परीक्षा हमखास केल्या जातात. पाइप हातात तोलून पाहतात आणि त्यावर पाय देऊन तो कितपत दबतो ते पाहतात. जड व न दबणारा पाइप उत्तम, असा निवाडा होतो. हा निवाडा फसवा आहे.

पी.व्ही.सी.मध्ये खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, बारीक भुकटी मिसळतात. ही मुळात भेसळ नव्हे. बेकलंड यांनी १९०९ साली जगापुढे ठेवलेल्या बेकेलाइटमध्येही लाकडाची भुकटी घालीत. प्रश्न आहे तो प्रमाणाचा, आणि वस्तूकडून कोणते काम घ्यावयाचे याचा.

अशा मिश्रणाचा ठोकळा यंत्रात दाबला असता तो शुद्ध प्लॅस्टिकहून ताठ ठरतो. खडूचा कण प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कठीण. दाबाच्या दिशेने प्लॅस्टिक कणावर घट्ट टेकते, त्यामुळे दोहोंत चिकटपणा नसला तरी भार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. द्रवातील कणांविषयी आइन्स्टाइन यांनी मांडलेले आणि १९११ मध्ये दुरुस्त केलेले सूत्र येथे लावले, तर घनफळाचा दहावा हिस्सा कण असताना ताठपणा सुमारे पावपटीने वाढतो.

आता तोच ठोकळा ओढून पाहा. कण आणि प्लॅस्टिक यांची साथ सुटते, कणाभोवती पोकळी पडते आणि शेजारच्या पोकळ्या जुळून तडा जातो. भुकटीच्या गुठळ्या राहिल्या असतील तर आरंभ तेथूनच होतो. आपली मातीची भिंत छपराचा भार पिढ्यान्‌पिढ्या पेलते, पण तिला ताण सोसत नाही, तद्वतच हे.

पाइपातील पाणी तर भिंतीला आतून परिघाच्या दिशेने ताणते. बाहेरचा व्यास ११० मिलिमीटर, जाडी ४ मिलिमीटर आणि पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो असेल, तर भिंतीतील ताण सुमारे ८० किलो येतो. पायाखाली न दबलेला पाइप येथे फुटतो. पंप एकाएकी बंद होऊन पाण्याचा हिसका बसला की अधिकच.

वजनाचेही तसेच. पी.व्ही.सी.ची घनता सुमारे १.४, खडूची २.७. म्हणजे खडू जितका अधिक, तितका पाइप जड! शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग अवश्य करवावा. पाइपाचा तुकडा हवेत आणि मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळता ठेवून तोलावा. हवेतील वजनास दोन्ही वजनांतील फरकाने भागले की घनता मिळते. ती १.६ आली, तर तुकड्याच्या वजनाचा जवळजवळ पाव हिस्सा खडू असल्याचा अंदाज बांधता येतो. तुकडा जाळून राख तोलण्याचा मोह मात्र वर्गात टाळावा, कारण त्यातून निघणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर घातक असतो. ते काम प्रयोगशाळेचे.

खरेदी समितीने आय.एस. ४९८५ हा मानक क्रमांक व आय.एस.आय. चिन्ह पाइपावरच छापलेले पाहावे, आणि त्या मालाच्या आतील दाबाच्या व आघाताच्या चाचण्यांचा अहवाल देयक मंजूर करण्यापूर्वी मागून घ्यावा.