द्वेषावाचून चालणारा अन्याय

अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या उत्तर सीमेजवळ एक भिंत आहे. लांबी सुमारे अर्धा मैल, उंची सहा फूट आणि जाडी एक फूट. एखाद्या चपळ मुलाला ती सहज चढून जाता येईल. ती शत्रूला अडविण्यासाठी बांधलेली नाही, की पुराचे पाणी थोपविण्यासाठीही नाही. १९४१ साली एका बांधकाम व्यावसायिकाला तेथे गोऱ्या कुटुंबांसाठी घरे उभारावयाची होती. परंतु शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती होती आणि तेवढ्याच कारणावरून त्या घरांच्या कर्जांना सरकारी हमी मिळेना. त्याने मध्ये भिंत घातली; हमी मिळाली. भिंतीने कोणाची ये-जा थांबली असेल वा नसेल, कागदावरील एक अट मात्र पुरी झाली.

वंशभेद म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो शिव्या देणारा, दगड मारणारा, आग लावणारा मनुष्य. असा मनुष्य दिसतो, म्हणून त्याचा निषेधही करता येतो. पण या भिंतीच्या मागे असा कोण होता? कर्जाचा अर्ज तपासणारा अधिकारी कदाचित सौम्य प्रकृतीचा सद्गृहस्थ असेल. त्याने नियमपुस्तिका उघडली आणि नियमाप्रमाणे शेरा मारला. १९६७ साली स्टोकली कार्मायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी ‘ब्लॅक पॉवर’ या ग्रंथात व्यक्तीच्या हातून होणारा वंशभेद आणि संस्थेच्या हातून होणारा वंशभेद यांतील अंतर स्पष्ट केले. पहिल्याला द्वेष लागतो. दुसऱ्याला नियम, नमुन्याचा कागद आणि नेहमीची वहिवाट एवढे पुरते.

ही वहिवाट कशी पडली ते पाहण्यासारखे आहे. महामंदीत लक्षावधी कुटुंबांची घरे कर्जापायी जाऊ लागली, तेव्हा सरकारने १९३३ साली गृहकर्जांना आधार देणारी एक संस्था काढली. तिने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करविले. उत्तम वस्तीला हिरवा रंग, त्याखालोखाल निळा, उतरत्या वस्तीला पिवळा आणि धोक्याच्या वस्तीला तांबडा. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक सर्वत्र तांबड्या रंगात गेल्या. या नकाशांचा बँकांवर किती परिणाम झाला याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाच्या नियमांविषयी तशी शंका घेता येत नाही. वस्तीची स्थिरता टिकवावयाची तर तेथे एकाच सामाजिक व वांशिक वर्गाचे लोक राहिले पाहिजेत, असे त्याची नियमपुस्तिका सांगत होती. घर कृष्णवर्णीयास विकू नये अशी अट खरेदीखतात घालण्याची शिफारसही तीत होती. या प्रशासनाच्या हमीमुळे थोडी रक्कम आधी भरून उरलेली पुढे अनेक वर्षे हप्त्यांनी फेडण्याची सोय झाली आणि सामान्य पगारदार घरमालक होऊ लागला. कृष्णवर्णीय पगारदार मात्र या सोयीबाहेर राहिला.

यातील खरी गोम पुढेच आहे. ज्या वस्तीत कर्ज मिळत नाही, तेथे घरांची डागडुजी होत नाही, नवा खरेदीदार येत नाही आणि किमती खाली येतात. मग तोच अधिकारी म्हणू शकतो, ‘पाहा, तेथे धोका होताच.’ नियमाने जे घडविले, तेच नियमाच्या समर्थनार्थ पुरावा म्हणून उभे राहते. अशा वेळी अन्याय अनुभवाचा आणि हिशेबाचा वेष घेतो, आणि हिशेबाशी भांडणे द्वेषाशी भांडण्याहून अवघड असते.

कायदा अर्थातच स्वस्थ बसला नाही. वर्णानुसार वस्त्या आखून देणारे नगरपालिकांचे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९१७ सालीच घटनाबाह्य ठरविले होते. सेंट लुईस शहरातील शेली कुटुंबाच्या खटल्यात १९४८ साली न्यायालयाने सांगितले की खरेदीखतातील वर्णभेदाची अट न्यायालयांना अमलात आणता येणार नाही. मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर एका आठवड्याने, ११ एप्रिल १९६८ रोजी, घरांच्या विक्रीत व भाड्यात भेदभावास मनाई करणारा कायदा झाला.

तथापि नियम रद्द झाला म्हणजे त्याचे फळ नाहीसे होत नाही. सामान्य कुटुंबाची मुख्य पुंजी म्हणजे त्याचे घर. त्याच्या जोरावर मुले शिकतात, आजारपण निभावते, म्हातारपण सुखाचे होते. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ताकरातून येतो. म्हणजे घराची किंमत घटली की शाळेच्या उत्पन्नाचाही पाया खचतो. २०२२ च्या सरकारी पाहणीत मध्यम स्थितीतील गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता २,८५,००० डॉलर आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० डॉलर आढळली. या तफावतीला इतरही कारणे आहेत. पण आजोबाला घर घेता आले नाही, हे त्यांपैकी एक होय.

महाराष्ट्राला या इतिहासाचा एक जुना धागा आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत दास्यमुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. ती कृतज्ञता सार्थ होती. १८६५ साली दास्य कायद्याने संपले होते. त्याच देशात सत्तर वर्षे उलटण्यापूर्वीच सरकारी कचेरीत ते रंगीत नकाशे तयार होऊ लागले होते. बेडी तुटल्यानंतरही नोंदवहीची तपासणी करावीच लागते. कोणत्याही संस्थेची न्यायबुद्धी तिच्या माणसांच्या सौजन्यावरून ठरत नाही. तिच्या दारातून कोण आत जातो आणि कोण वर्षानुवर्षे बाहेर राहतो, त्यावरून ती ठरते. डेट्रॉइटची ती भिंत अजून उभी आहे. तिच्या काही भागावर आता रहिवाशांनी रंगीत चित्रे काढली आहेत.