मोबाईलवरचं गाणं आणि उसातली घोणस

आपल्या या कार्यक्रमात आम्ही नेहमी हप्ते, व्याज, शेळ्या, पापड यांवर बोलतो. आज सापाच्या कानाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. हा विषय आमच्या गटाच्या इतिवृत्तात लिहिलेला आहे आणि त्यापायी आम्ही वीस हजारांचं अंतर्गत कर्जही दिलेलं आहे.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या गटातल्या एक काकू रात्री उसाला पाणी पाजायला गेल्या होत्या. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. काका मोटरीकडे आणि काकू सरीच्या तोंडाशी दारं मोडायला. हातात खोरं, पाय अनवाणी, कमरेला खोचलेल्या मोबाईलवर मोठ्यानं गाणं. गाणं कशासाठी? तर आवाजानं जनावर बाजूला होतं म्हणून. आणि बॅटरी? मोबाईलची बॅटरी लावली तर चार्जिंग उतरतं आणि गाणं बंद पडतं. म्हणून बॅटरी बंद, गाणं चालू. खोटं कशाला बोलू, आमच्यातल्या निम्म्या बायका असंच करायच्या.

बांधावर घोणस होती. काकूंचा पाय तिच्यावरच पडला. पहिल्या ठिकाणी लस मिळाली नाही, कोल्हापूर गाठेपर्यंत अडीच तास गेले. पाय मांडीपर्यंत सुजला, लघवीतून रक्त गेलं, दोनदा डायलिसिस झालं. अकराव्या दिवशी काकू घरी आल्या. वाचल्या, पण तो पाय अजून पूर्ण टेकत नाही.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते राहिले बाजूला आणि याच गोष्टीवर वाद रंगला. एक वहिनी म्हणाल्या, "सापाला कानच न्हाईत, त्यो बहिरा. गाण्याचा काय उपयोग?" दुसऱ्या म्हणाल्या, "मग गारुड्याच्या पुंगीवर डुलतोय कसा?" काकू कोपऱ्यात पाय लांब करून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ऐकलं असंल न्हाईतर नसंल. पर हाललं न्हाई, एवढं खरं."

आम्हाला उत्तर येईना. म्हणून पंचक्रोशीतल्या एका सर्पमित्राला आणि शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना पुढच्या बैठकीला बोलावलं. खरं तर आपल्या जिल्ह्यात हे ज्ञान नवं नाही. चंदगड तालुक्यात ढोलगरवाडीच्या मामासाहेब लाड विद्यालयात बाबूराव टक्केकर सरांनी साठच्या दशकातच पोरांना सापांची ओळख करून द्यायला घेतली होती. नागपंचमीला लांबलांबून माणसं ते बघायला जायची. आमच्या गटातल्या चंदगडच्या माहेरवाशिणीला धामण आणि नाग यांतला फरक लहानपणापासून कळतो, तो यामुळेच.

तर सापाला कान आहे की नाही? बाहेरून दिसणारा कान नाही, कानाचं भोक नाही, आपल्यासारखा पडदाही नाही. पण आतला कान आहे. त्याला जोडलेलं एक बारीक हाड असतं आणि ते जबड्याच्या हाडाला टेकलेलं असतं. साप जबडा भुईला टेकून पडलेला असतो. भुई थरथरली की ती थरथर जबड्यातून त्या बारीक हाडात आणि तिथून आतल्या कानात जाते. आपण जात्याला हात लावला की दळण चाललंय हे डोळे मिटूनही कळतं ना, तसंच काहीसं.

हवेतून आलेला आवाजही सापाला थोडाफार कळतो. डेन्मार्कमधल्या अभ्यासकांनी २०१२ साली आफ्रिकेतल्या छोट्या अजगरांवर तपासणी केली. परदेशात घरात पाळतात ना, तेच हे अजगर. आवाजानं त्यांची कवटीच हलते आणि ती थरथर आतल्या कानाला कळते, असं दिसलं. मात्र फक्त खालचे, घुमणारे आवाज. आवाज मोजतात तो हवा सेकंदाला किती वेळा थरथरते यावर. माणसाला २० पासून २०,००० पर्यंत ऐकू येतं. सापाला साधारण ८० ते ६०० पर्यंत, आणि त्यातही खालच्या बाजूचं चांगलं. आपल्या कोल्हापुरी वाद्यांतच सांगायचं तर मिरवणुकीतलं घुमकं सापाला कळेल, हलगीचा कडकडाट आणि कैताळाचा छणछणाट बहुतेक नाही.

आता मोबाईलचा विचार करा. त्याच्या चिमुकल्या स्पीकरातून घुमारा निघतच नाही, वरचे सूरच काय ते निघतात. म्हणजे काकूंच्या गाण्यातला जो भाग सापाला कळला असता तो बाहेर पडतच नव्हता.

पुंगीचंही सरांनी सांगितलं. नाग डुलतो तो पुंगीच्या आणि गारुड्याच्या हालचालीवर. फणा काढलेला नाग समोरच्या हलणाऱ्या वस्तूवर डोळा ठेवतो, ती जिकडे जाईल तिकडे तोंड वळवतो. तो नाच नाही, धाक आहे. पुंगी न वाजवता नुसती हलवली तरी तो तसाच डुलतो. एवढं ऐकल्यावर आमच्या वहिनींना सिनेमातली नागीण आठवली. १९५४ च्या 'नागिन' सिनेमातली ती बीनसुद्धा खरी बीन नव्हती, विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवलेली होती. सापही फसवा आणि बीनही!

शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा तुम्हाला माहीत आहे. तिथे नागपंचमीला जिवंत नाग पकडून, मडक्यात ठेवून वाजतगाजत मिरवणूक निघायची. न्यायालयाच्या निर्बंधांनंतर ती थांबली आणि लोक प्रतिमा पुजू लागले. आपल्या रानातला कोणताही साप पकडणं किंवा पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, मग तो गारुड्याच्या टोपलीत असो की हौशी पोराच्या बरणीत. आमच्यातल्या थोरल्या बायकांना शिराळ्याची बंदी पटलेली नाही, हेही सांगायला हवं. पण ढोलताशाच्या दणक्यात त्या मडक्यातल्या जनावराच्या जबड्याला काय होत असेल, याचा विचार आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा केला.

बरं, कळलं तरी साप बाजूला होतोच का? आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं इथेच आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली एक अभ्यास छापला. पाळून ठेवलेल्या १९ सापांना एका खोलीत वेगवेगळे आवाज ऐकवले, काही भुई हलवणारे आणि काही नुसते हवेतले. तिथले जहाल विषारी साप बहुतेक करून आवाजापासून लांब सरकले. पण अजगराची एक जात उलट आवाजाकडे गेली! म्हणजे ऐकणं एक आणि त्यावर वागणं दुसरं, जशी जात तशी रीत.

आपल्याकडची घोणस कशी, ते सर्पमित्रानं सांगितलं. तिचा भरवसा तिच्या रंगावर. वाळलेल्या पाचटात ती दिसत नाही, म्हणून हलत नाही. जवळ गेलं की पळण्याऐवजी अंग फुगवते आणि फुसफुसते. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते ना, अगदी तसा आवाज. आणि गंमत बघा, सापाच्या फुत्काराची थरथर ३,००० च्या वरची असते. म्हणजे घोणशीला स्वतःचा फुत्कार नीट ऐकू येत नाही. तो ऐकू येतो माणसाला, कुत्र्याला, बैलाला. तो आपल्यासाठीच असतो.

हे ऐकल्यावर काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे ती सांगत आसंल, बाई हितं पाय टाकू नगस. आन् माझं गाणं चालूच."

बैठकीत कुणी काही बोललं नाही.

मण्यार तर फुत्कारत बसत नाही. ती रात्री गुपचूप घरात येते, अंथरुणात शिरते आणि तिचा दंश मुंगी चावल्यासारखा वाटतो. तिथे कान कामाला येत नाहीत. खाली झोपायचं नाही, खाटेवर झोपायचं आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचायची.

आम्ही गटात ठरवलं ते असं. रात्री रानात जाताना गाणं बंद, बॅटरी चालू. बॅटरी मोबाईलची नको, वेगळी हवी. त्यासाठी गटातून बिनव्याजी पैसे दिले, चौदा जणींनी घेतल्या. पायात गमबूट. हातात काठी, आणि ती पुढे भुईवर आपटत चालायचं, कारण भुईची थरथर सापाला कळते. पण कळली म्हणून तो हलेलच असं धरायचं नाही, पाऊल उजेडातच टाकायचं. साप घरात निघाला तर ताटं वाजवून त्याला कोपऱ्यात कोंडायचं नाही. पोरं आणि जनावरं बाहेर काढायची, एकीनं लांबून नजर ठेवायची आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करायचा.

चावलाच तर दोरी आवळायची नाही, ब्लेड लावायचं नाही, देवऋषाकडे वेळ घालवायचा नाही. हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. आपल्या जवळच्या दवाखान्यात ही लस आहे का, हे मात्र आधीच विचारून ठेवा. आम्ही विचारलं नव्हतं, त्याचेच ते अडीच तास.

काकूंच्या कर्जाचे सहा हप्ते आले आहेत. या सुगीत त्या रानात जाणार म्हणतात, आम्ही नको म्हणतोय. बघू. पुढच्या गुरुवारी शेळ्यांच्या विम्यावर बोलू. नमस्कार.