निश्चल आणि स्थिर

श्रोतेहो, आपल्या वऱ्हाडात सरकीला काही तोटा नाही. मूठभर सरकी आणि चौकटीची वही घ्या. आज एक पट मांडायचा आहे. गणिती जॉन कॉनवे यांचा हा खेळ १९७० साली प्रसिद्ध झाला. त्याला खेळाडू लागत नाहीत. एकदा दाणे मांडले की पुढचे सारे नियमच ठरवतो.

प्रत्येक घराला चोहोबाजूंनी मिळून आठ घरांचा शेजार. ज्या दाण्याला दोन किंवा तीन दाणे शेजारी असतील तो टिकतो. कमीअधिक असतील तर तो उचलायचा. रिकाम्या घराशेजारी नेमके तीन दाणे असतील तर तिथे नवा ठेवायचा. आधी सगळी घरे तपासायची, मग सगळे बदल एकदमच करायचे.

आता चार दाणे लगतच्या चार घरांत चौकोनात ठेवा. प्रत्येकाला तिघांचा शेजार, म्हणून सारे टिकतात. बाहेरच्या कोणत्याही घराला दोघांहून अधिक नाहीत, म्हणून नवा येत नाही. शंभर चाली करा, चौकोन तसाच! दुसरी आकृती मोहोळाची. लगतची दोन घरे रिकामी सोडा. त्यांच्या वर दोन दाणे, खाली दोन आणि डाव्याउजव्या अंगाला एकेक. तीही जागची हलत नाही.

मी वर्गात दोन्हींना ‘स्थिर’च म्हणत असे. एकदा एका विद्यार्थ्याने मोहोळातला एक दाणा सहज काढला, आणि तीन चालींत पट ओस पडला! सहांपैकी कोणताही काढा, गत तीच. चौकोनातला काढला तर मात्र रिकाम्या घराला उरलेल्या तिघांचा शेजार मिळतो आणि पुढच्याच चालीत चौकोन भरून निघतो.

असेच एक उदाहरण अंकांत आहे. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली ६१७४ ही संख्या दाखवून दिली. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा केली, तर ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४च! तिला धक्का देऊन ६१७५ करा. हीच वजाबाकी करीत गेलात की सातव्या खेपेस ती परत येते.

तेव्हा एखादी गोष्ट हलत नाही, एवढ्यावरून ती पक्की समजू नये. एक दाणा काढून पाहावा.