साखरेची गोळी आणि कर्करोग
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण माझ्या हातून घडलेली एक चूक सांगावी, एवढ्यासाठी उभी राहिले आहे.

मला मधुमेह आहे. जेवणाबरोबर मेटफॉर्मिनची गोळी घेते. पवनीच्या माझ्या नणंदेचे स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले. तिला मधुमेह नाही. कोणीतरी तिच्या कानावर घातले की, ही गोळी कर्करोगाला मारते. "वहिनी, तुमच्यातल्या थोड्या द्या ना," म्हणाली, आणि मी पुडीत बांधून दिल्या! आठ दिवसांत मळमळ, जुलाब. डॉक्टरांनी दोघींनाही खडसावले; मग बसवून समजावलेही.

ती ऐकीव गोष्ट अगदीच खोटी नव्हती. जेवल्यावर रक्तात इन्शुलिन वाढते आणि ते पेशींना 'वाढा' असा निरोप देते. कर्करोगाच्या पेशीही तो ऐकतात. ही गोळी यकृतातून येणारी साखर कमी करते, म्हणून इन्शुलिनही उतरते. शिवाय पेशीच्या आत जी शक्तीची चूल असते, तिचा जाळ मंद करते. मग पेशीची वाढ खुंटते, काही मरतातही. मात्र हे दिसले काचेच्या बशीत, आणि तेथे औषध घालतात ते आपल्या रक्तात पोचते त्याच्या कितीतरी पट.

२००५ साली स्कॉटलंडमधील डंडीच्या डॉक्टरांना, ही गोळी घेणाऱ्या मधुमेहींत कर्करोग कमी आढळला. पण जुनी टिपणे चाळणे वेगळे आणि देऊन पाहणे वेगळे. पुढे स्तनाचा कर्करोग झालेल्या, मधुमेह नसलेल्या ३६४९ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना ही गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी. निकाल २०२२ साली आला. रोग उलटण्यात फरक पडला नाही.

भीतीचेही असेच. पायोग्लिटाझोन या दुसऱ्या गोळीने मूत्राशयाचा कर्करोग होईल म्हणून सरकारने जून २०१३ मध्ये ती थांबवली, आणि जुलैअखेर इशारा छापून पुन्हा सुरू केली. तेवढ्यात आमच्या वॉर्डातल्या एका काकूंनी सगळ्याच गोळ्या टाकल्या, आणि पायाची जखम कित्येक महिने चिघळली. तंबाखूचा खर्रा मात्र त्यांनी टाकला नाही!

नणंद आता नागपूरला नेमाने तपासणीला जाते. परवा आली, तेव्हा फळीवरचा माझा डबा पाहून हसली. म्हणाली, "वहिनी, या तुमच्या तुम्हीच खा."