एक वॉट आणि एक कोपरा



बाहेरच्या फलकावर विषय वाचून दोघांनी मला दारातच गाठलं. "भोंग्यांवर बोलणार ना? मग बंद करा म्हणून सांगा एकदाचं!" त्यांची आज निराशा होणार आहे. मी भोंग्याची बाजू मांडायला आलो आहे. अर्थात चौकातल्या नव्हे, घरातल्या.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात कपाटाएवढा लाकडी स्पीकर, त्याच्या पोटात दुमडून बसवलेला कर्णा, आणि समोर खुर्ची टाकून डोळे मिटून बसलेले एक गृहस्थ. असे गृहस्थ अमेरिकेत आहेत, जपानात तर फार आहेत, आणि आपल्याकडे मुंबई-पुण्यातही तुरळक सापडतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा माल हुडकायचा, घरच्यांची बोलणी खात तो जिना चढवून आणायचा आणि मग महिनोन्‌महिने त्याची डागडुजी करत बसायचं, असा यांचा संसार. लोकांना वाटतं, हे जुन्याचं वेड आहे, नाहीतर दणदणाटाचं. माझं म्हणणं असं की ही दोन्ही निदानं चुकीची आहेत. यामागे एक साधा हिशेब आहे: चांगला आवाज हवा असेल तर त्याची किंमत जागेत मोजायची की विजेत?

थोडं शास्त्र सांगतो, कंटाळू नका. स्पीकरचा कागदी कोन पुढे-मागे हलून हवा ढकलतो. पण हवा इतकी विरळ, की ढकलली जाण्याऐवजी ती बाजूनं निसटते. म्हणून साध्या पेटीतल्या स्पीकरला दिलेल्या विजेपैकी शेकडा एक भागसुद्धा धड आवाज होत नाही. बाकीच्या विजेनं तारेचं वेटोळं गरम होतं. आता माळावर लांबच्या माणसाला हाक मारताना आपण दोन्ही हात तोंडाभोवती धरतो, ते आठवा. घशात जास्तीचा जोर आलेला नसतो, तरी हाक पोचते. कर्ण्याचं काम हेच. त्याच्या अरुंद गळ्यातली हवा कोंडलेली असते, तिला निसटता येत नाही, म्हणून पडद्याला तिच्यावर जोर लावता येतो. पुढे कर्णा हळूहळू रुंदावतो आणि तो दाब मोठ्या तोंडातून खोलीतल्या हवेच्या हवाली करतो. हे रुंदावणं कुठल्या गणितानं व्हावं, याचं समीकरण आर्थर गॉर्डन वेब्स्टर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १९१९ साली छापलं. १९२४ मध्ये हॅना आणि स्लेपियन या दोघांनी त्याचा लाउडस्पीकरसाठी नीट वापर करून दाखवला.

त्याआधी गणित नव्हतं, पण कर्णा होताच, आणि तो उलटाही चालत होता. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. तोवर गायक कर्ण्यात तोंड घालून गात आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणावर रेघ कोरत असे. मध्ये वीज नाही, व्हॉल्व्ह नाही. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्या अशाच निघाल्या आहेत. ऐकताना आपण त्यांच्या खरखरीला नाक मुरडतो. पण एका माणसाच्या फुप्फुसातली ताकद एवढं काम करून गेली, याचं नवल करत नाही.

मग बोलपट आला. ६ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या वॉर्नर थिएटरात 'डॉन हुआन' झळकला, तो व्हायटाफोन या ध्वनियंत्रणेच्या तबकडीवरच्या संगीतासह. त्या काळचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे मोजके वॉट. आज एखाद्या पोराच्या खोलीतला डबा कागदोपत्री त्याच्या कितीतरी पट वॉट सांगतो. त्या मोजक्या वॉटांत हजारभर माणसांना ऐकवायचं होतं. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीनं ते वेंट आणि थुरास यांनी घडवलेल्या ५५५ या ड्रायव्हरवर (कर्ण्याच्या गळ्याशी बसून आवाज काढणारा भाग) आणि माणसापेक्षा मोठ्या लाकडी कर्ण्यांवर निभावून नेलं. वॉट महाग होते, जागा मुबलक होती. म्हणजे कर्ण्याचा जन्म श्रीमंतीतून झालेला नाही, टंचाईतून झालेला आहे.

थिएटरातला हा प्राणी घरात कसा आला, ती गोष्ट जास्त रंजक आहे. अडचण सरळ आहे. चाळीस हर्ट्‌झच्या खर्जाची तरंगलांबी साडेआठ मीटर. ती नीट बाहेर पडायला कर्ण्याच्या तोंडाचा घेर साधारण तेवढाच हवा, म्हणजे तोंडाचा व्यास पावणेतीन मीटर. एवढं तोंड आपल्या हॉलमध्ये बसवलं तर आपण राहायचं कुठे?

पॉल विल्बर क्लिप्श या इंजिनिअरनं याचं उत्तर कोपऱ्यात शोधलं. जन्म १९०४, इंडियाना राज्यात. तरुणपणी चिलीच्या नायट्रेट खाणींकडे जाणाऱ्या रेल्वेची विजेची इंजिनं सांभाळली, मग स्टॅनफर्डला शिकला, आणि युद्धकाळात अर्कान्सास राज्यातल्या होप नावाच्या गावी तोफगोळ्यांच्या चाचणीकेंद्रावर रुजू झाला. त्याचा विचार असा: खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून पसरत जाणारा एक कर्णा आयताच तयार असतो. तिथे आवाजाला साऱ्या अवकाशाचा एक अष्टमांशच भरायचा असतो, म्हणून तोंडाचं क्षेत्रफळही एक अष्टमांश पुरतं. उरलेला कर्णा पेटीच्या पोटात दुमडायचा. खर्जाचा पंधरा इंची वूफर आत तोंड करून बसतो, त्याचा आवाज एका अरुंद फटीतून निघून वळणं घेत मागे जातो आणि पेटीच्या दोन्ही कडांनी भिंतीलगत बाहेर पडतो. या पेटीचं नाव क्लिप्शहॉर्न. जुन्या क्लिप्शहॉर्नची गंमत म्हणजे त्याला धड पाठच नाही. तुमच्या घराची भिंत हीच त्याची पाठ. चार फुटांहून थोडी उंच, ऐंशी किलोच्या आसपासची ही पेटी भिंतीपासून जरा ढळली की खर्ज गळतो, म्हणून शौकीन मंडळी कडेला रबराची किंवा फोमची पट्टी लावून फट बुजवतात.

१९४६ साली होपमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं धंदा सुरू केला. (त्याच साली त्याच गावात बिल क्लिंटन जन्मले; होपकरांनी कोणाचा अभिमान जास्त बाळगावा, हा त्यांचा प्रश्न.) क्लिप्शचा आग्रह एकच होता: स्पीकर जितका कमी विजेत काम करील, तितका त्याचा आवाज शुद्ध. कारण पडदा फार हललाच नाही तर बिघडणार काय? एकच कोन खर्जासाठी पुढे-मागे झुलत असेल आणि त्याच वेळी वरचे सूरही काढत असेल, तर ते सूर त्या झोक्यानं किंचित ढळतात. यावर त्यानं १९६९ पासून ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिले. माणूस विक्षिप्त होता. कोटाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला तो एक पिवळा बिल्ला लावत असे. त्यावर 'शुद्ध थापा' या अर्थाचा इंग्रजीतला एक असभ्य शब्द छापलेला होता. समोरच्यानं जास्त फेकाफेक केली की हा कॉलर उलटून दाखवी. आपल्या सभांमधून तो बिल्ला सक्तीचा करावा, असं मला अनेकदा वाटलं आहे.

त्याची पुढची मॉडेलंही नावानिशी लक्षात राहतात. १९५७ चा 'हेरसी', म्हणजे पाखंड. कारण कोपऱ्याचा कैवारी स्वतःच कोपऱ्याबाहेरची छोटी पेटी काढत होता. १९६३ चा 'ला स्काला' इटलीतल्या ऑपेरागृहाचं नाव मिरवतो खरा, पण तो घडला अर्कान्सासच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिलेल्या विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या प्रचारसभांसाठी. प्रचार आणि कर्णा यांचं सूत सगळीकडे जुळतं.

आता हिशेबाची दुसरी बाजू. एक वॉट देऊन एक मीटरवर मोजलं तर आजचा छोटा घरगुती स्पीकर ८५ ते ८८ डेसिबल देतो. क्लिप्शहॉर्नचा कंपनीनं सांगितलेला आकडा १०५ आहे. तो कोपऱ्याच्या मदतीनं आलेला आहे, म्हणून त्यातून चार-पाच वजा करा. तरीही तिकडे तीस वॉट लागतात त्याच्या आसपासचं काम इकडे एका वॉटात होतं. मग हे स्पीकर मागे का पडले? १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी हवाबंद पेटीचा छोटा स्पीकर आणला. पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या पेटीतून खरा खर्ज, पण वीज खाणारा. चार वर्षांत स्टिरिओ तबकड्या आल्या आणि घरात एकाऐवजी दोन स्पीकर लागले. ज्याला एक कोपरा रिकामा करताना घाम फुटला होता, त्यानं दुसरा कुठून आणायचा? पुढे ट्रान्झिस्टरनं वॉट स्वस्त केले आणि निकालच लागला. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात, हा नियम हॉफमन यांच्या नावानं ओळखला जातो. हे विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. लोकांनी पहिल्या दोन गोष्टी निवडल्या. मी त्यांना दोष देत नाही.

अमेरिकेनं टाकलेलं जपाननं उचललं. युद्धानंतर तिथे परदेशी एल.पी. सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या. म्हणून जॅझ ऐकवणारी कॉफीगृहं भरभराटली: एक कप कॉफी घ्यायची आणि मालकाच्या तबकड्या मालकाच्या मोठ्या स्पीकरवर ऐकायच्या. काही ठिकाणी बोलायला बंदी. जे.बी.एल. कंपनीचा पॅरागॉन हा स्पीकर, जवळजवळ नऊ फूट रुंद आणि वळणदार लाकडी दर्शनी भागाचा, १९५७ ते १९८३ इतका काळ निघत राहिला, यात जपानी गिऱ्हाइकांचा वाटा मोठा होता. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ३००बी या व्हॉल्व्हचा जेमतेम आठ वॉटांचा अ‍ॅम्प्लिफायर आणि थिएटरातला कर्णा ही जोडी पुन्हा मानाला चढली, तीही मुख्यतः तिथेच.

एवढं करून ऐकू काय येतं? एका स्नेह्यांकडे मी अशा स्पीकरवर एका गायिकेचा ख्याल ऐकला. आवाज इतका खाली ठेवलेला, की शेजारच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. तरी तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या कळत होत्या, आणि प्रत्येक तार छेडल्यानंतर जवारी उमलायला लागणारा क्षणसुद्धा. तबल्याच्या बायाँवर घिस्सा घेताना तळहाताचं कातड्यावर घासणं आधी आलं आणि सूर मागून चढला. लहान स्पीकरवर हे ऐकायला आवाज वाढवावा लागतो, आणि वाढवला की गायिका अंगावर येते. कर्ण्याची खरी करामत हलक्या आवाजात आहे. दणदणाट काय, कोणीही करील.

पण भक्तांचं सगळंच मी मान्य करत नाही. वाईट कर्णा नाकात बोलतो. पत्र्याचा असेल तर टणटणतो. खर्जाची वाट लांब, तारसप्तकाची आखूड, म्हणून खर्ज काही सहस्रांश सेकंद मागे राहतो; व्हायोलिनला ते चालून जातं, पखवाजाच्या थापेला कधी खटकतं. खुर्ची दोन हात सरकवली की सूर बदलतो. आणि सोन्याच्या भावाच्या तारा जोडल्यानं हे दोष जातात असं कोणी सांगू लागला, तर क्लिप्शचा बिल्ला आठवावा.

घ्यायचाच असेल कोणाला, तर तीन गोष्टी बघा. वूफरची कड कापडाची आहे की फोमची: फोमची असेल तर आपल्या दमट हवेत तिचा भुगा झालेला असतो, ती बदलावी लागते. खर्ज आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या क्रॉसओव्हरमधले जुने कॅपॅसिटर मोजून घ्या. आणि ड्रायव्हर उघडलात तर आतल्या पातळ पडद्याला बोट लावू नका, पोचा आला की तो गेला. चौथी गोष्ट खरं तर पहिली आहे: घरात दोन मोकळे कोपरे आहेत का? आपल्या फ्लॅटमध्ये एका कोपऱ्यात दार असतं, दुसऱ्यात फ्रीज. नसतील तर हा नाद सोडा, आणि ज्याच्याकडे आहेत त्याच्याशी मैत्री करा.

शेवटी एक विनंती. आपल्या जिल्ह्या-तालुक्यांतली एकपडदा टॉकीजं एकामागून एक बंद पडत आहेत. त्यांच्या पडद्याला बारीक भोकं असतात, कारण स्पीकर पडद्याच्या मागे उभे असतात, आणि जुन्या टॉकीजांत ते बहुधा कर्ण्याचेच असतात. इमारत पाडायला निघाली की ते लोखंडाच्या आणि लाकडाच्या भावानं किलोवर जातात. चुंबक जड, म्हणून भंगारवाला खूश. तुमच्या गावात असं टॉकीज असेल तर मालकांची परवानगी काढून पडद्यामागे एकदा जा. फोटो काढा, पेटीवरचं नाव आणि क्रमांक टिपा, आणि जुने ऑपरेटर हयात असतील तर त्यांना विचारून ते कधी, कुठून आले हे लिहून ठेवा. व्याख्यानमालेच्या कार्यालयात माझा पत्ता आहे. कळवलंत तर मी स्वतः येऊन पाहीन.