गाठीचा ठाव



सोनोग्राफी म्हटले की आपल्यापुढे गरोदर बाई उभी राहते, आणि तिच्यामागोमाग 'मुलगा की मुलगी' ही पापी चौकशी. त्या चौकशीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, देशाने १९९४ साली. त्याच यंत्राचे एक निराळे काम मला आज सांगावयाचे आहे.

लाळ सोडणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. कानापुढची सर्वांत मोठी; गालगुंड होते ती हीच. दुसरी जबड्याखाली, तिसरी जिभेखाली. या ग्रंथींच्या शंभर गाठींपैकी सुमारे ऐंशी कानापुढे होतात, आणि त्यांतल्या बहुतेक कर्करोगाच्या नसतात.

गालगुंड दुखते, ताप आणते आणि ओसरते. ही गाठ बहुधा दुखतच नाही, आणि तिथेच घात होतो. उचल घेतलेला ऊसतोड कामगार म्हणतो, "पट्टा पडल्यावर बघू." त्याला मी दोष देत नाही, खाडा त्याच्याच अंगावर पडतो. परंतु साधी गाठही वर्षानुवर्षे ठेवली तर कधीकधी कर्करोगात पालटते.

बरे, कापून टाकावी म्हटले तर चेहरा हलविणारी नस याच ग्रंथीतून जाते. तिला इजा झाली की डोळा मिटत नाही, तोंड वाकडे होते. भिऊन नुसती गाठ उकरली, तर कण मागे राहून ती पुन्हा उगवते. तेव्हा चाकू लावण्याआधी गाठीचा ठाव हवा.

आपल्या कानाची धाव सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंत. इथला ध्वनी सत्तर लाखांच्या वरचा. आडात हाक मारावी आणि ती परत यावी, तसा तो परततो व पडद्यावर चित्र उमटते. गाठ ग्रंथीतली की शेजारची, कडा रेखीव की विस्कटलेल्या, हे दिसते. नस सहसा दिसत नाही. मात्र जबड्यामागची रक्तवाहिनी दिसते, आणि नस तिच्या बाहेरच्या अंगाने जाते. त्यावरून गाठ वरवर की खोल, हे ताडतात. सुईने पेशी काढतात त्याही या चित्रावर नजर ठेवून.

हाडाआड मात्र हा ध्वनी पोचत नाही. खोल गाठीला एमआरआय लागतो, त्यासाठी डॉक्टरांशी हुज्जत घालू नये.

परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे आणि त्याचे उपकार मोठे आहेत. परंतु पहिल्या सोनोग्राफीसाठी मुखेडच्या माणसाने मुंबई गाठावयाचे कारण नाही, नांदेड जवळ आहे. गाठ असून चेहऱ्याची एक बाजू ढिली पडू लागली, तर हंगाम, उचल, मुकादम काही न पाहता त्याच दिवशी निघावे. खाड्याचे भांडण आम्ही मागाहून भांडू.